केळीच्या पानांतलं जहाज

"संपलं की मला द्या."

धुळ्यात नानांशी ओळख झालेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असणार. तुमच्या हातात काहीही असो, पावडरचा डबा, टूथपेस्टची ट्यूब, बॉलपेनची रिफिल, नाना एक डोळा मिटून त्या वस्तूकडे बघायचे आणि हे म्हणायचे. मी दवाखान्यात सलाइन लावून पडलो होतो, तेव्हा भेटायला आले. स्टुलावर बसून तब्येतीची चौकशी केली, पण नजर सगळी वरच्या बाटलीकडे. "नाना, बाटली संपू द्या, मला नका संपवू," मी म्हणालो. "नळी हवी होती हो," ते ओशाळून म्हणाले. घरी आल्यावर पहिल्यांदा मी ती नळी नेऊन दिली.

मी ज्या सरकारी कचेरीत कारकून होतो, तिथेच नाना कालव्यांचे नकाशे काढायचे. राहायलाही शेजारी, भिंतीला भिंत. लग्न केलेलं नव्हतं. खोलीत एक पलंग होता, पण त्यावर ते झोपत नसत. पलंगावर, आणि पलंग पुरेना म्हणून पुढे लावलेल्या दोन स्टुलांवर, एक अंतराळयान होतं. नाना खाली सतरंजीवर.

आम्ही सगळे त्याला नानांचं जहाज म्हणायचो. ते कशावरून बघून केलेलं नव्हतं, सगळं डोक्यातलं. पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि घरी शिजवलेली मैद्याची खळ. बंद पडलेल्या ट्रान्झिस्टरचं पोट, टाइपरायटरच्या फितीची रिळं, इंजेक्शनच्या बाटल्यांची झाकणं त्यावर अशी बसायची, की ती मुळात कशाची होती हे आठवावं लागे. माझी नळी इंधनाच्या टाकीला लागली होती आणि तिथे शोभतही होती. रंग मात्र कुठेच नव्हता. रंग सगळ्यात शेवटी, असं नानांचं ठरलेलं.

"यात माणूस केवढा?" मी एकदा विचारलं.

"ज्वारीच्या दाण्याएवढा." त्यांनी बाजूचं एक झाकण उघडून मला आत बघायला लावलं. आत लांबच लांब दालन होतं. "हे जेवणाचं. प्रवास फार मोठा आहे. लोक वाटेत जन्मणार, वाटेतच म्हातारे होणार. पण सगळे एकाच घरातले. सगळ्यांची एक पंगत बसली पाहिजे."

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की आमची गल्ली ओस पडायची. जो तो आपल्या गावी. कानबाईच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला देत नाहीत, त्यामुळे मनात असूनही मला नानांना आमच्या घरचा तुकडा देता येत नसे. त्यांचे भाऊबंद म्हणजे रावेरकडचा एक धाकटा भाऊ. वडील गेल्यावर शेताच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. "यंदाही जात नाही?" मी विचारायचो. "काम आहे थोडं," म्हणत ते पुठ्ठ्याकडे वळायचे. त्या दिवसांत त्यांच्याकडे बघवत नसे. आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. पुठ्ठ्यात पंगत मांडायची आणि खऱ्या पंगतीकडे पाठ फिरवायची, हे कसलं शहाणपण?

नाना निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ अचानक दारात येऊन उभा राहिला. उंच, उन्हाने रापलेला, केळीच्या बागा करणारा. आत आला आणि नानांच्या आधी जहाजाकडेच बघत राहिला.

"भाऊ, आता घरी चाल," तो म्हणाला. "याच्याबद्दल ऐकेल व्हतं. याच्यासाठी बी खोली केली हाये."

नानांनी होकारार्थी मान डोलावली, चहा ठेवायला वळले आणि स्टोव्हला गरज नसताना पंप मारत राहिले.

आठवड्याने भावाचा ट्रक आला, केळी भरणारी माणसं घेऊन. घडाला डाग न लागता माल दिल्लीला पोचवण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी जहाजही एका फळीवर ठेवून तसंच बांधलं. खाली-वर केळीची हिरवी पानं, फटीफटीत पानं, उन्हाने तडकू नयेत म्हणून पानांवर पाणी, आणि वरून ताडपत्री घट्ट. नाना कचेरीतल्या शेवटच्या सह्या आटपून आले, तोवर दोर आवळून झाले होते.

त्यांना पोचवायला मीही गेलो. मे महिन्याचं ऊन. जळगाव, भुसावळ करत रावेर गाठेपर्यंत दुपार टळली. माणसांनी फळीसकट जहाज खोलीत ठेवलं आणि ती गेली. नानांनी पानं बाजूला केली, तशी आतून वाफ आली. खळ सुटली होती. पुठ्ठा पाणी पिऊन खचला होता, मधलं दालन बसलं होतं, आणि झाकणं पानांना चिकटून निघत होती.

तेवढ्यात अंगणातून भावाचा आवाज आला. "भाऊ, नीट पोचलं ना? पोरांले सांगेल व्हतं, केयीच्या घडापेक्षा जपीसन आना."

त्या आवाजात इतका आनंद होता, की मला खाली बघावं लागलं. नानांनी दार लोटून घेतलं.

"नीट पोचलं रे. ओरखडासुद्धा नाही," ते म्हणाले. "आता रंग द्यायचाय. तोवर आत कुणी येऊ नका."

पुढे मी अधूनमधून जात असे. नाना त्या घरात रुळले. भावजय आग्रहाने वाढायची, श्रावणात ते रोटांना बसायचे. रोज दुपारी मात्र त्या खोलीत जाऊन आतून कडी लावायचे, आणि बाहेर कात्रीचा आवाज यायचा. "परत करायला घेतलं का?" मी एकदा हळूच विचारलं. "बघू," म्हणाले.

नाना गेले. मी दहाव्याला गेलो, तेव्हा भाऊ मला त्या खोलीत घेऊन गेला. जहाज तसंच खचलेलं होतं, त्यावर एक तुकडाही नवा नव्हता. भोवती कागदाच्या कातरणांचा ढीग. नुसतीच कातरणं, कशाचीही नाहीत.

मी वाकून कातरणं गोळा करू लागलो.

"मले माहीत व्हतं," भाऊ म्हणाला. "दुसऱ्या दिवशी पानं फेकाले गेलो, तवा त्यात झाकणं पाहेल व्हती."

"मग नानांना कधी बोलला नाहीत?"

"तो नीट पोचलं म्हने. मी काय बोलू?" त्याने बाहेर येऊन कडी घातली. "दुपारी कात्री वाजे, तवा मी या ओट्यावर येऊन बसत व्हतो. कोनी तरी ऐकाले पायजे ना."

तो ओटा दारापासून हातभर अंतरावर होता.