घामावर चालणारी पट्टी

माझी मुलगी प्रयोगशाळेत एक पट्टी बनवते. दंडावर चिकटवली की ती घामातली साखर मोजते आणि त्यासाठी लागणारी वीजही त्या साखरेतूनच काढते. सेल नाही, वायर नाही. ज्या साखरेची खबर द्यायची, तीच पट्टीचा शिधा. परवा मुलीने ती माझ्या वडिलांना, अण्णांना, लावून पाहिली, पण पट्टी गप्पच. तपासणी आहे म्हणून अण्णा अंघोळ करून, पावडर लावून आले होते.

"आजोबा, मला घाम हवाय."

"तपासणीला घामट यायचं?" अण्णांना पटेना.

जन्मभर भट्टीपुढे काम केलेला हा माणूस रोज घाम धुऊनच चारचौघांत बसला. आपणही तसेच. अंग सांगत असतं ते पुसून टाकतो आणि नीटनेटके होऊन डॉक्टरांना विचारतो, मला काय झालंय?

शेवटी अण्णा दोनदा जिना चढून आले. पट्टीने पाठवलेला आकडा मोबाइलवर उमटला. साखर वाढली होती. गोड सोडलंय, असं ते आम्हाला वर्षभर सांगत होते.

त्यांचा हात सवयीने रुमालाकडे गेला आणि थांबला.

"राहू दे," ते म्हणाले, "बोलू दे पट्टीला."