ओठांपुढची पट्टी

अहो, बावीस वर्षं! बावीस वर्षं ही बाई रुग्णवाहिकेच्या फोनवर बसली, सगळं गाव तिला ताई म्हणून ओळखतं, आणि काल आलेला प्रशिक्षणाचा साहेब तिला इंग्रजी बोलायला शिकवणार!

इंग्रजी ही त्या गावची मायबोलीच, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या गावरान. सुरुवातीचा 'ह' खायचा, मधला 'ट' गिळायचा, 'थ'च्या जागी बेधडक 'फ' ठोकायचा. भाजीवाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे असेच बोलतात, कुणाचं काही अडत नाही. पण साहेबांना म्हणे व्यंजनं स्वच्छ हवीत. त्यांनी प्रत्येकीच्या माइकला कागदाची पट्टी चिकटवली. 'ह' म्हटला की ती फडफडली पाहिजे. शुक्रवारी परीक्षा. नापास झाली की फोन बंद, रवानगी फायलींच्या खोलीत.

ताईने चार दिवस आरशापुढे फू-फू केलं. नवरा म्हणाला, "अगं, चूल पेटवतेस की काय?" ती हसली, आणि हसता हसता तिला रडूच कोसळलं. आईकडून आलेली बोली या वयात कुठे टाकून द्यायची?

शुक्रवारी साहेब वही घेऊन शेजारी बसले, तेवढ्यात फोन आला. एक म्हातारा होता. बायको न्हाणीघरात पडली होती, शुद्ध नव्हती. घाबरून त्याच्या तोंडून पत्ताही फुटेना.

"घाबरू नका बाबा, मी आहे ना," ताई आपल्या नेहमीच्या बोलीत म्हणाली. "आधी तिचा श्वास चालू आहे का बघा."

"चालू आहे. आपल्या इकडचीच ना गं तू?" म्हाताऱ्याचा आवाज जरा सावरला. मग त्याने नीट पत्ता सांगितला. गाडी दारात येईपर्यंत ताईने त्याला बोलतं ठेवलं. म्हातारी शुद्धीवर येऊन नवऱ्यावरच खेकसली, तेही फोनवर ऐकू आलं.

साहेबांनी वहीत लिहिलं, '‘ह’ला पट्टी एकदाही हलली नाही. नापास.'

मेली ती पट्टी! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेडफोन काढून तिने साहेबांपुढे धरला. "मी नापास ना? मग हा घ्या. पुढचा फोन तुम्ही उचला."

लगेच फोन वाजला. एक घंटा झाली, दुसरी झाली. साहेबांचा हात काही पुढे येईना. तिसऱ्या घंटेला ताईनेच हेडफोन परत कानाला लावला, कारण पलीकडे कुणाचा तरी जीव अडकला होता. पट्टी ओरबाडून तिने वहीवर टाकली आणि म्हणाली, "बोला, मी ऐकतेय."