कोबीवरची बाळंतीण

आज कोबी चिरताना उग्र वास सुटला आणि मी सत्तर-एकाहत्तर सालच्या केडगावच्या मळ्यात जाऊन पोचलो. पानावर पिवळ्या दाण्यांचा पुंजका, त्यावर ओणवी बसलेली एक अळी. मुंगी जवळ आली की डोकं आपटून तिला हाकलायची. मी चिरडायला हात उचलला, तर काकू म्हणाली, "बाळंतीण हाय ती. हात लावून बघ, मग सांगते."

कॉलेजात शिकणारा दादा हसला. "काकू, तिची अंडी न्हाईत ती. बारक्या गांधीलमाशीची पिल्लं हायेत, कोशातली. हिच्याच पोटात वाढली, हिलाच पोखरून बाहेर आली."

"दुसऱ्याची व्हय?" आम्हा चार आईवेगळ्या पुतण्यांच्या भाकरीनं भरलेल्या तोंडांकडे बघत काकू म्हणाली, "तरी राखती की."

तेव्हा मला नवल वाटलं ते फक्त अळीचं.