बानबाईंनी डॉक्टरसमोर ठेवलेला कागद

बान ओक-रानने चौदा वर्षांत माझ्यासमोर कुणाला बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. वनजू शहराबाहेर, मिरचीच्या शेतांना लागून आमची गाडी शिकवायची शाळा आहे. ती तिथं शिकवते आणि मी कार्यालयाच्या खिडकीत बसून नावं नोंदवते. पिवळ्या गाडीत ती शिकणाऱ्याच्या शेजारी बसते. पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असतो, तोंडाला मात्र नाही. "ब्रेक पायाखाली आहे, देवळात नाही! हात कसले जोडताय?" हे एका बँकेतल्या साहेबांना. "आरशात बघ म्हटलं ते गाडीच्या, पर्समधल्या नव्हे," हे लग्न ठरलेल्या एका पोरीला.

सगळे तिला बाई म्हणतात. मी दोन वर्षांनी लहान, म्हणून ताई म्हणते.

कुरकुरणाऱ्या माणसांचा तर तिला मनापासून तिटकारा. माझी पाळी सेहेचाळिसाव्या वर्षी गेली आणि मी खिडकीत बसून अर्जांच्या गठ्ठ्याने वारा घेऊ लागले, तेव्हा ती चारचौघांत म्हणाली होती, "योम, एवढी ऊब फुकट मिळतेय तर घर तापवायचा बॉयलर बंद कर की!" आमच्याकडचे सहा पुरुष शिक्षक खो खो हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. पुढची दोन वर्षं मी डाळिंबाचा रस पीत आणि घाम पुसत काढली. डॉक्टरकडे गेले नाही. मुक्या जनावरासारखी सोसत राहिले आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणत राहिले.

त्यामुळे गेल्या जानेवारीत, बाहेर उणे अकरा असताना, तिच्या गाडीच्या चारही काचा खाली दिसल्या तेव्हा मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

कॉलेजातली एक मुलगी काकडत खिडकीशी आली. "मला दुसरे शिक्षक द्या हो. बाई काचा लावू देत नाहीत. घाम येतोय म्हणतात!"

आमचे संचालक गुक. बापाने शाळा काढली आणि हे तिच्यावर बसले, एवढंच त्यांचं कर्तृत्व. त्यांनी ताईला आत बोलावलं. "बाई, आता तुमचं ते... म्हणजे वय आहे ना ते. जरा आराम करत जा."

बाहेर येऊन ती म्हणाली, "याच्या तोंडून पाळी हा शब्द फुटत नाही. आईच्या पोटातून आलाय का टपालाने?"

घरी वेगळं काही नव्हतं. नवरा अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. ही झोपेत पांघरूण भिरकावते आणि खिडकी उघडते, म्हणून तो उशी काखोटीला मारून दुसऱ्या खोलीत गेला होता. आयुष्यभर लोकांच्या घरात वारा येऊ नये म्हणून राबलेला माणूस स्वतःच्या घरातल्या वाऱ्याला घाबरून पळाला.

मार्चमध्ये मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. बाजाराच्या चौकात शिकणाऱ्याला डावीकडे वळायला सांगायचं होतं आणि तिला "डावीकडे" हा शब्दच सापडेना. तोंड उघडं, आवाज नाही. तो पोरगा सरळ गेला आणि समोरून बस आली. तिने आपला ब्रेक करकचून दाबला. कुणाला खरचटलंही नाही. पण परत आल्यावर ती माझ्या खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत ती कधीच बसत नसे.

"योम, मी डावीकडे विसरले."

"डॉक्टरकडे जा ताई."

शुक्रवारी ती शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात गेली आणि तासाभरात परत आली.

"काय विचारलं त्यांनी?"

"काय होतंय म्हणाला. संगणकाकडे बघत."

"मग?"

"मी म्हटलं, गरम होतं."

"आणि?"

"आणि काय? 'या वयात व्हायचंच. चालायला जा, कॉफी कमी करा.' झालं."

"झोपेचं? शब्दांचं?"

"नाही सांगितलं."

या वेळी मी मनसोक्त हसले. "अख्ख्या वनजूला शिव्या घालणारी बाई, आणि डॉक्टरसमोर दोन शब्द!"

आता माझी धिंड निघणार असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "अभ्यास न करता परीक्षेला बसलेलं ढ कार्टं होते मी. नापास केलं, बरोबर केलं."

मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. तिने उडवून लावलं. "ज्या मैदानात आपटले, तिथंच परत परीक्षा देणार. तो मला ओळखत नाही अजून."

मग तिची तयारी सुरू झाली. नापास झालेल्यांच्या गुणपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ती तीन आठवडे नोंदी करत होती. मला दाखवायची. "नऊ चाळीस, तीन मिनिटं, चढावर थांबलेलो. सव्वाअकरा, चार मिनिटं. शिकणारा महामूर्ख, पण घाम त्याच्यामुळे नाही." किती तास झोपली, छाती किती वेळा धडधडली, सकाळी बोटं किती वेळ आखडलेली होती, सगळं लिहिलेलं. शेवटची पाळी कधी आली ते काही केल्या आठवेना. शेवटी गेल्याच्या आदल्या वर्षी, शरदातल्या छुसॉकच्या सणाला सासरी भातवड्या वळताना जावेकडे पॅड मागितलं होतं, ते आठवलं. म्हणजे दीड वर्ष होऊन गेलं होतं.

मी यादी वाचली. "आणि खालचं?"

"खालचं काय?"

"कोरडं पडणं. दुखणं. खोकताना थेंब जाणं."

फुटपाथवर गाडी चढवणाऱ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "ते डॉक्टरला सांगायचं?"

"मग काय गुकसाहेबांना सांगणार?"

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी यादीच्या तळाशी तीन ओळी वाढल्या होत्या, मुंगीएवढ्या अक्षरात. नवऱ्याने उशी उचलली त्याला थंडी हे एकच कारण नव्हतं, एवढं मला कळलं.

आता राहिला घराण्यातल्या आजारांचा प्रश्न. कुणाला छातीचा कॅन्सर, कुणाला रक्ताच्या गुठळ्या, कुणाला पक्षाघात, हे डॉक्टर विचारणारच. आणि हे ठाऊक असलेली एकच व्यक्ती हयात होती, समुद्रकाठच्या सोकचोत वाळवलेली माकुळं विकणारी तिची थोरली बहीण ओक-बुन. आईच्या मयतापासून सहा वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. "ती तिच्या मालासारखीच आहे," ओक-रान म्हणायची, "कितीही चावा, संपत नाही." जेवणाच्या सुट्टीत तिने मला शेजारी बसवलं आणि फोन लावून टेबलावर ठेवला.

"कोण मेलं?" बहिणीचा पहिला प्रश्न.

"कुणी नाही. आईला छातीचा कॅन्सर होता का?"

"आईला नाही, धाकट्या मावशीला. साठी उलटल्यावर. आईला पक्षाघात झालेला, पंच्याहत्तरीत. तेवढं तरी आठवतं का? की तेही मीच सांगू?"

"बरं. ठेवते."

"थांब गं. तुला उकडतंय का?"

ओक-रान पेनाचं टोपण काढत-लावत राहिली.

"आई आठवते? बर्फात अनवाणी जाऊन परसातल्या लोणच्याच्या मडक्यांपाशी उभी राहायची. तू तिला वेडी म्हणायचीस. मैत्रिणींना घरी आणायची नाहीस. वेडी नव्हती गं ती, तिला उकडत होतं. मलाही उकडलं. सांगणार कुणाला? तू फोन उचलत नव्हतीस."

फोन तिकडूनच बंद झाला. ओक-रानने डब्यातला भात तसाच झाकला. "सोळा वर्षांची होते मी," ती म्हणाली. "बाप हसायचा तिला. त्याच्याबरोबर मीही हसायचे. अक्कल नव्हती असं म्हणायची सोय नाही, होती. तरी हसायचे." मग तिने कागदावर मावशी आणि आई, दोघींची वयं लिहिली.

सगळं तिने एका पानात बसवलं. "दुसरं पान तो वाचणार नाही. मीही वाचलं नसतं." खाली चार प्रश्न लिहिले. मला बरोबर नेलं ते आधाराला नाही, तर तो काय बोलला याला साक्षीदार म्हणून.

डॉक्टर चाळिशीचे, टापटीप. "चालणं सुरू केलंत का?"

तिने कागद थेट त्यांच्या कीबोर्डवर ठेवला. "वाचा."

"हे इंटरनेटवरून..."

"नाही. माझ्या अंगावरून."

त्यांनी वाचलं. मुंगीच्या अक्षरापर्यंत आले आणि थांबले. "हे गेल्या वेळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

त्यांनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केलं. माणूस दुष्ट नव्हता, आळशी होता. आळशी पुरुषाच्या हातात काम आयतं मांडून दिलं की तो ते करतो. आमच्या शाळेत असे सहा आहेत.

मग मात्र ते नीट बोलले. शरीरात जे संप्रेरक कमी झालंय ते बाहेरून देता येतं, गोळीने, कातडीला चिकटवायच्या पट्टीने किंवा मलमाने. गर्भाशय जागेवर आहे, म्हणून त्याच्या रक्षणासाठी दुसरं संप्रेरकही सोबत घ्यावं लागेल. मावशीचा कॅन्सर उशिराचा, तेवढ्याने हे बंद होत नाही, पण आधी छातीची तपासणी. आईचा पक्षाघात आणि तिचा स्वतःचा किंचित वाढलेला रक्तदाब बघता गोळीपेक्षा पट्टी बरी. कोरडेपणाला जागेवर लावायचं वेगळं औषध मिळतं. संप्रेरक नकोच असेल तर उकाडा कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्यांचाही त्रास असतो.

ती एकेक प्रश्न पुढे करत होती. किती वर्षं घ्यायचं? ते म्हणाले, दरवर्षी बसून ठरवू. काय झालं तर धावत यायचं? रक्त गेलं, पोटरी सुजली, छातीत दुखलं, तर लगेच. धोका किती? तुमच्या वयाला, तपासण्या नीट आल्या तर कमी; शून्य नाही.

"आणि शब्द विसरतात ते?"

"ते बघू पुढे."

"बघू म्हणजे? माझ्या पायाखाली दुसऱ्याच्या जिवाचा ब्रेक आहे, डॉक्टर. बघू म्हणून भागत नाही."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. "खरं सांगू? खात्री नाही मला. झोप नसल्यानेही होतं. थायरॉइडची तपासणी आजच करू. झोप सुधारूनही तीन महिन्यांत शब्द परत आले नाहीत, तर मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवतो."

"याला म्हणतात उत्तर," ती म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं.

तपासण्या नीट आल्या. तिने पट्टी निवडली. ओटीपोटावर लावायची आणि आठवड्यातून दोनदा बदलायची. पहिल्या पंधरवड्यात छाती जड झाली म्हणून तिने डॉक्टरांच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण पट्टी काढली नाही. पाचव्या आठवड्यात ती सलग सहा तास झोपली. दिवसाला नऊदा येणारे उकाड्याचे झटके दोनावर आले. बोटं सकाळी आखडतात ती आखडतातच. शब्द अधूनमधून दडी मारतो, तेव्हा ती नुसता हात करते आणि पोरगं वळतं.

मे महिन्यात नवरा उशी घेऊन दारात आला. तिने त्याला आठवडाभर तसाच ताटकळत ठेवला. सोकचोहून माकुळांचं पार्सल आलं. आता दोघी बहिणी दर रविवारी फोनवर भांडतात आणि भांडण अर्धं राहिलं तर सोमवारी पूर्ण करतात.

जूनमध्ये गुकसाहेब कार्यालयात येऊन म्हणाले, "बाई, तब्येत छान दिसतेय हं आता! स्वभावातही जरा फरक पडला असता तर..."

"स्वभावाला पट्टी निघालेली नाही, साहेब," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारलं होतं."

तिने असलं काही विचारलं नव्हतं. दवाखान्यात मी शेजारीच बसले होते.