गुरुसिद्धप्पांच्या पाठीचं माप

गुरुसिद्धप्पा ऐन उमेदीत होते तेव्हा सिद्धेश्वराच्या यात्रेत चंद्रिकाबाईंना नवऱ्याचं तोंड कधी दिसलंच नाही. नंदीध्वजाची उंच, जड काठी पेलून ते पुढे गेले की दिसायची फक्त पाठ. ताठ, रुंद, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली. शेजारची रंभाबाई कोपर मारून म्हणायची, "तुजा चालला बघ!" बाई लाजायच्या आणि पाठमोऱ्या नवऱ्याला डोळे भरून बघून घ्यायच्या. काय दिवस होते ते!

बाराबंदी दर संक्रांतीला नवी, आणि ती बाईंनीच शिवायची. कापड नवी पेठेतलं. माप लग्नाच्या वर्षी एकदा घेतलं, तेच हातात बसलेलं.

यंदाही त्यांनी तशीच शिवली. गुरुसिद्धप्पा ती घालून आरशासमोर उभे राहिले. मागून वर चढलेली, पुढून लोंबणारी. त्यांनी एकेक बंद सोडला. "यंदा मी येत न्हाय. लोकं हसतील."

नंदीध्वज केव्हाच त्यांच्या मुलानं, राजशेखरनं, हाती घेतला होता. पण त्याच्या शेजारून चालणं कधी चुकलं नव्हतं. तेही सुटलं तर हा माणूस अंथरूण धरील, हे बाई ओळखून होत्या.

चूक बाईंचीच होती. डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून सांगितलं होतं: मानेखाली बारा मणके, प्रत्येकाला बरगड्यांची जोडी, त्यातले मधले पुढच्या अंगानं चेपलेत, म्हणून पाठीला बाक आलाय. हाडं ठिसूळ झालीत, वजन उचलायचं नाही. बाईंनी सगळं ऐकलं, गोळ्या वेळच्या वेळी दिल्या आणि कापड मात्र जुन्या ताठ पाठीचं बेतलं. त्यांच्या नजरेतला नवरा वाकलाच नव्हता.

"उबं ऱ्हावा जरा," म्हणत त्यांनी टेप काढली. मानेच्या बुडाशी हाताला लागणारा उंचवटा धरला आणि बोट एकेक मणका उतरू लागलं. बाक आला तिथं टेप वळली, आणि बाईंना रडू फुटलं.

"आता गं?" गुरुसिद्धप्पा म्हणाले. "पाट माजी, आन रडतीस तू?"

मागं चार बोटं वाढवली, पुढं तेवढीच काढली. बाराबंदी अंगावर अशी बसली की ते आरशासमोरून लवकर हलेनात.

संक्रांतीला बाई रस्त्याच्या कडेला टाचा उंचावून उभ्या राहिल्या. बाराबंद्यांचा पांढरा लोंढा पुढं सरकला. सगळ्या पाठी ताठ, सगळ्या सारख्या.

"तुजे कुटं हायत गं?" रंभाबाईनं विचारलं.

"त्ये काय, वाकल्याले," बाई म्हणाल्या, आणि पहिल्या वर्षीसारख्याच लाजल्या.