दार कोणी उघडलं

त्यांना सगळे किल्लीवाले म्हणत. बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना ‘आमचे किल्लीवाले’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. बाजाराच्या चौकात, चपलांच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची टपरी. उभं राहिलं की डोकं आपटायचं, त्यामुळे उमेदीची सगळी वर्षं बसूनच गेली. समोर एक कानस, किल्ली घट्ट धरून ठेवणारा एक छोटा शिकंजा आणि खिळ्यांवर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्यांच्या माळा.

पोलीस चौकी रस्त्यापलीकडेच होती. एखादा म्हातारा आतून कडी लावून दोन दिवस ओ देत नसला, एखादं पोर न्हाणीघरात अडकलं, की हवालदार हाक मारायचा आणि किल्लीवाले पिशवी उचलून निघायचे. दार कधी फोडू द्यायचे नाहीत. दाराला ओरखडा उठला तर तो माझ्या अंगावर उठला असं समजा, म्हणायचे. या कामाची त्यांना ऐट होती, आणि का नसावी? त्यांच्यामुळे माणसं वाचली होती.

मग गिरण्यांमध्ये संप झाला, दगडफेक झाली, आणि सरकारनं एक हुकूम काढला. संशय आला की घराची झडती, संशय आला की अटक. शहरात माणसं उचलली जाऊ लागली तशी किल्लीवाल्यांची बोलावणी वाढली. आता आत कुणी अडकलेलं नसायचं. कुणाचं रिकामं घर, कुणाची खोली, कुणाचं कपाट. ते कुलूप उघडायचे, पिशवी आवरायचे आणि पाठ फिरवायचे. आत काय चाललंय ते बघायचं नाही, हा त्यांनी घालून घेतलेला नेम.

बायकोनं एकदा विचारलं, लोकांच्या घरात असं शिरता येतं का हो यांना? ते म्हणाले, पोत्यात काय आहे हे हमालाला कुणी विचारतं का? पण त्यांनाच ते उत्तर नंतर पुरेनासं झालं.

एका दुपारी फौजदार त्यांना भूगोलाच्या बाईंच्या दाराशी घेऊन गेले.

बाई शाळेतून निवृत्त होऊन एकट्याच राहत. किल्लीवाल्यांची मुलगी त्यांच्या हाताखाली शिकलेली. नकाशात नद्या भरायला बाईंनीच तिला शिकवलं होतं. अलीकडे उचललेल्या पोरांच्या आया बाईंच्या बाहेरच्या खोलीत जमायच्या. एक तरुण वकीलबाई यायच्या आणि समजावून सांगायच्या, की पकडलेल्या माणसाला कारण सांगावं लागतं, त्याला न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं, हे घटनेतच लिहिलंय, हुकूम कितीही निघाले तरी. एवढंच तिथे चालायचं. पण तेवढंही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं.

दार आतून बंद होतं. फौजदारांनी ठोठावलं. आतून बाईंचा आवाज आला, शांत, वर्गात हजेरी घेतल्यासारखा. “कोर्टाचा कागद आणलाय का? तो दाराखालून सरकवा. मी स्वतः दार उघडते.”

कागद नव्हता. फौजदारांनी किल्लीवाल्यांकडे नुसतं पाहिलं.

किल्लीवाले गुडघ्यांवर बसले. दाराच्या पलीकडे बाई उभ्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. किल्लीवाल्यांनी कुलपात तार घातली. एरवी चुटकीसरशी उघडणारं साधंच कुलूप, पण तार दोनदा निसटली, वेळ लागला. खटका मागे सरला आणि पोलीस त्यांना ओलांडून आत गेले. या वेळी मात्र त्यांना पाठ फिरवता आली नाही, कारण बाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

झडतीतल्या कागदांवरून बाईंना अटक झाली. खटला उभा राहिला तेव्हा नुसता हुकूम कोर्टात टिकेल याची सरकारला खात्री नव्हती, म्हणून त्यांचं म्हणणं असं, की बाईंनी आपणहून दार उघडलं, आत या म्हणाल्या, झडती घ्या म्हणाल्या. घरमालकाच्या संमतीनं झालेली झडती, मग कोर्टाचा कागद कशाला? खालच्या मजल्यावरचे शेजारी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. राहिले एकटे किल्लीवाले.

वकीलबाई टपरीवर आल्या. किल्लीवाले म्हणाले, मी काय पाहिलं? मी नुसतं कुलूप पाहिलं. त्या म्हणाल्या, मला तेवढंच हवंय.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. स्टुलावर बसून एक किल्ली करून घेतली, पैसेही दिले. जाताना म्हणाले, “कोर्टात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. या हत्यारांनी घरंही फोडता येतात, नाही का? परवाना असेलच तुमच्याकडे.” असल्या कामाला परवाना लागतो हे किल्लीवाल्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

इकडे आड, तिकडे विहीर. मुलीला फोन लावला. ती म्हणेल, माझ्या बाईंसाठी उभे राहा, असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, “बाबा, गप्प बसा. माझ्या नवऱ्याची सरकारी नोकरी आहे.” बायको शेंगा सोलत होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, की जायचं तर जा, नसेल जायचं तर जाऊ नका, पण मला विचारून जाऊ नका, कारण उद्या मीच तुम्हाला बोल लावीन.

ते गेले.

सरकारी वकिलांनी विचारलं, दार बंद होतं हे कशावरून? किल्लीवाले म्हणाले, उघड्या दाराला मला कोण बोलावतं? मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी स्वतः विचारलं, “बाई काही बोलल्या?”

“बोलल्या. कागद दाखवा, मी उघडते, म्हणाल्या.”

“मग दार कोणी उघडलं?”

“मी उघडलं.”

त्या वेळी फौजदार शेजारी उभे होते, मी हातावर पोट असलेला माणूस, हे सगळं त्यांना सांगायचं होतं. कुणी विचारलं नाही.

निकाल बाईंच्या बाजूनं लागला. उंबरठ्याशी सरकारचा हात थांबतो, कोर्टानं आज्ञा दिल्याशिवाय तो आत जाऊ शकत नाही, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. झडती बेकायदा, खटला रद्द, बाईंना सोडा. वकीलबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुरुंगाच्या फाटकातून बाई बाहेर आल्या आणि तिथेच त्यांना पुन्हा धरलं. नवा हुकूम होता. गुन्हा नाही, खटला नाही, केवळ शांततेला धोका म्हणून कोठडी. असं कसं चालतं, किल्लीवाल्यांनी विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, “चालतं. याचीही मुभा घटनेतच आहे. थोडी पुढच्या पानावर.”

त्याच आठवड्यात टपरी रस्त्याला अडथळा ठरली आणि उचलली गेली. पिशवी जप्त झाली, घरफोडीची हत्यारं म्हणून. किल्लीवाले घराच्या खिडकीशी बसून उसन्या कानशीवर किल्ल्या घासू लागले. गिऱ्हाईक फिरकेना. काहींना पोलिसांची भीती, आणि काहींची दारं त्यांनीच उघडलेली. झडत्या थांबल्या नाहीत. आता पोलीस सरळ लाथ घालून दार मोडत, आणि मोडलेलं दार कुणाच्या संमतीनं उघडलं हे विचारायला कोर्टात कुणी जात नव्हतं.

बाई सुटल्या तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. त्यांना एका कानानं ऐकू येईनासं झालं होतं. किल्लीवाले भेटायला गेले. बाईंनी आत घेतलं, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. साक्षीपासून मुलगी आपल्याशी बोलत नाही हे किल्लीवाल्यांनी सांगितलं नाही.

मग बाई म्हणाल्या, “तुम्ही कोर्टात खरं बोललात. फार थोडी माणसं बोलतात. मी ते विसरणार नाही. पण आत असताना मला तुमची साक्ष आठवायची नाही. कुलपात तार फिरल्याचा आवाज आठवायचा.”

किल्लीवाल्यांनी मान खाली घातली. माफी मागायची म्हणून आले होते, ते राहूनच गेलं. निघताना त्यांनी विचारलं, घरात काही काम असलं तर सांगा. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. ते त्यांचं काम नव्हतं. तरी बसले, चामड्याचा तुकडा कापून चकती केली, नळ घट्ट केला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. थेंब थांबला तेव्हा त्यांनी मान हलवली, एवढंच.

घरी बायकोनं विचारलं, काय म्हणाल्या? त्यांनी सांगितलं, नळ गळत होता. ती समजायचं ते समजली आणि ताट वाढायला उठली.

जप्त पिशवी परत मिळावी म्हणून त्यांनी कोर्टात केलेल्या अर्जावर अजून तारखाच पडतात. प्रत्येक तारखेला ते धुतलेला सदरा घालून जातात, बाकावर बसतात आणि नाव पुकारलं की उभे राहतात.