लोट्यातल्या टोऱ्या

भरवेलीचं भिशीचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. बालाघाट जिल्ह्यात इतकी वर्षं खाकी घातली, खून पाहिले, बैहरच्या जंगलात मोहिमा केल्या. पण निवृत्तीनंतर कोणी जुन्या गोष्टी विचारल्या की मला आधी तो पितळी लोटा आठवतो.

भरवेली म्हणजे मॅंगनीजची खाण आणि भोवती कामगारांची वस्ती. एक घर मराठी, शेजारचं छत्तीसगडी, त्यापुढचं तेलुगू. बायका दर महिन्याला सारखी रक्कम गोळा करत आणि जिचा नंबर लागेल ती सगळी उचले. आपल्या बाया त्याला भिशी म्हणत, हिंदीवाल्या बीसी, कोणी कमेटी, तेलुगू बाया चिट्टी. लिपी सगळ्यांची एक नाही, काहींना तर अक्षरओळखच नाही, म्हणून कागदाच्या चिठ्ठ्या त्यांनी कधी केल्याच नाहीत. प्रत्येकीची एक खूण ठरलेली. कोणाचा चिंचोका, कोणाचं बटण, कोणाची कवडी. ज्यांचा नंबर राहिलाय त्यांनी मूठ झाकून आपली खूण लोट्यात टाकायची आणि एका लहान मुलीनं त्यातली एक काढायची. मग उरलेल्या खुणांसकट लोट्याचं तोंड फडक्यानं बांधून तो रात्रभर देवापुढे ठेवायचा, पैसेही तिथंच. सकाळी पूजा झाली की लोटा मोकळा करायचा. हा रिवाजच त्या बायकांना नडला.

कारण त्या महिन्याचा नंबर निघाला त्याच्या दुसऱ्या सकाळी, लोटा मोकळा व्हायच्या आतच एक खाणकामगार अर्ज घेऊन माझ्या ठाण्यात हजर झाला. भिशी चालवणारी बाई हातचलाखीनं शेजारणीला पैसे देते, असं त्याचं म्हणणं. नंबर कोणाचा निघणार हे आधीच ठरलं होतं, असं बायकोला फोनवर बहिणीशी बोलताना त्यानं ऐकलं होतं. बायकोचा नंबर लागला की त्या पैशातून आपल्याला मोटारसायकल घ्यायची आहे, हेही त्यानं न विचारता सांगितलं. मी रोजनामच्यात नोंद करवली आणि महिला हवालदाराला पाठवून त्या बाईला लोटा अन् पैशांसकट बोलावून घेतलं. जिचा नंबर निघाला होता ती शेजारीणही भिंत चाचपत मागोमाग आली.

ती शिवणकाम करणारी विधवा. डोळे जवळजवळ गेलेले, नागपुरात ऑपरेशन ठरलेलं, पैसे त्याच आठवड्यात भरायचे. मी गुन्हा नोंदवला असता तर रक्कम मुद्देमाल म्हणून मालखान्यात जमा झाली असती आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटली नसती. तोवर ऑपरेशनची वेळ टळली असती.

भिशीवाली माझ्यासमोर बसली, पण तोंड उघडेना. खोटं बोलणारा माणूस पोलिसाच्या चेहऱ्यावर नजर ठेवतो. ही बाई दर प्रश्नाला बाकावरच्या शेजारणीकडे बघत होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडला: जे लपवायचं ते माझ्यापासून नाही, तिच्यापासून. मी शेजारणीला हवालदारासोबत बाहेर चहाला पाठवलं आणि लोट्याचं फडकं सोडलं.

आत चिंचोका नव्हता, बटण नव्हतं, कवडी नव्हती. सगळ्या टोऱ्या, म्हणजे मोहाच्या बिया. ही कोणाची खूण, असं विचारल्यावर तिनं दाराकडे बोट केलं आणि मग एका दमात बोलली.

"आमी आधी वर्गणी करून देल्ली होती सायेब. तिनं त्याच संध्याकाळी वापस आनून देल्ली. म्हने, मी शिवून खातो, मागून नाही खात. मंग का करू? तिले आंधळी होऊ देऊ?"

एवढ्यावर विश्वास ठेवला असता तर मी पोलीस कसला! बाकीच्या बायकांना बोलावून वेगवेगळे जबाब घेतले. प्रत्येकीनं टोरीच टाकली होती. शेवटी तक्रारदाराची बायको आली. तिनंही नवऱ्यासमोर तेच सांगितलं.

"मले काहून नाही सांगतलं?" तो म्हणाला.

"सांगतलं असतं तं टाकू देल्ली असती का तुमी?"

त्यानं माझ्याकडे कागद मागितला. मग त्यानं तक्रार मागे घेत असल्याचं लिहून दिलं. कोणाला तरी फसवल्याशिवाय फसवणुकीचा गुन्हा होत नाही, आणि इथं तर सगळ्यांनी राजीखुशीनं आपला नंबर सोडला होता. मी लोट्याचं तोंड पुन्हा बांधलं.

शेजारीण आत आली, पण पैशाला हात लावेना. "सायेब, माया नंबर खरा लागला का? खोटा असंन तं मले नको."

"हौ बाई," मी म्हणालो. "लोट्यातून टोरीच निघाली. मी सोता पाह्यली."

तिनं दोन्ही हातांनी पैसे घेतले, कपाळाला लावले आणि भिशीवालीचा हात धरून गेली. मला फार बरं वाटलं.

खरं शोधून काढणं हे आमचं काम, आणि ते मी त्या दिवशीही केलं. पण शोधलेलं सगळं सगळ्यांसमोर मांडायलाच हवं असं नाही, हे मी तिथं शिकलो. हाताखालचे काही जण या बाबतीत माझ्याशी वाद घालत. मी मात्र माझं मत बदललं नाही.

काही महिन्यांनी ती शेजारीण काळा चष्मा लावून, कोणाचाही हात न धरता ठाण्यात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहून तिनं चष्मा काढला आणि मला नीट न्याहाळलं.

"आवाजावरून तुमी जवान वाटले होते सायेब," ती म्हणाली.

सगळं ठाणं हसलं. मी टेबलावरची टोपी उचलून पांढऱ्या केसांवर घातली.